अनसूयाच्या नावाची भाकर

शनिवारी सकाळी मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या घरात रुचिता कणीक चाळत होती. आईला, अनसूयाला, जाऊन महिना झाला होता. उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच ताटातल्या भाकरीचा तुकडा खायचा विधी. त्याची बेखमीर, न आंबवलेली भाकर मंडळीतल्या बायका आळीपाळीने घरी भाजत. अनसूयाने हयातभर चर्च झाडलं, पण भाकरीसाठी तिचा नंबर कधी लागला नाही. तिच्या नावाने एक तरी भाकर त्या ताटात जावी, एवढंच लेकीच्या मनात होतं.

चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांची बायको, सुचेताकाकू, आत आल्या, बसल्या नाहीत.

"रुची, भाकर राहू दे गं. मी भाजते. तू उद्या शास्त्रवाचन कर, आईच्या नावाने."

"भाकर का नको?"

"मला काही प्रॉब्लेम नाही. पण तुझ्या आईचं माहेर सफाईवाल्यांच्या चाळीतलं. लोक खातील का? आणि उद्याच रोहितच्या लग्नाची सूचना वाचायचीय ना?"

"चहा टाकू?"

"आत्ताच झाला."

काकूंचा चहा या घरात नेहमी आत्ताच झालेला असे.

त्या गेल्यावर धाकटा भाऊ रोहित म्हणाला, "ताई, एक दिवस गप्प बस ना. दिशाचे पप्पा पंचांच्या शब्दाबाहेर नाहीत. लग्न मोडेल माझं."

रुचिताने पिठावर ताट झाकलं.

रविवारी तिच्या वाट्याला बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं भाकीत आलं. देव परक्यांनाही आपल्या डोंगरावर आणील, प्रार्थनेच्या घरात त्यांना आनंद देईल. ते घर सगळ्या लोकांचं असेल. तिने सावकाश वाचलं. मंडळी "आमेन" म्हणाली. ती जागची हलली नाही.

"माझी आई या घरात आनंदाने यायची," ती म्हणाली. "तिने झाडलेल्या फरशीवर आपण गुडघे टेकतो. तिच्या हातची भाकर मात्र जातीमुळे चालली नाही. मी आज या ताटातलं घेणार नाही."

पेटीवाल्याने घाईने गाणं धरलं. ताट आलं. रुचिताने ते तसंच रोहितकडे दिलं. त्याने मान खाली घालून तुकडा तोंडात टाकला. लग्नाची सूचना वाचली गेली.

बाहेर काकूंनी दोघांना गाठलं. "एवढा त्रास होतोय, तर मीरा रोडला चर्चं काय कमी आहेत? दुसरं बघ."

"दुसरं कशाला, काकू? मी इथेच येणार. पुढच्या बाकावर बसणार. आणि दर वेळी ताट असंच, तुमच्यासमोर, न घेता पुढे देणार."

काकूंनी रोहितकडे पाहिलं. तुकडा अजून त्याच्या तोंडातच होता. गिळवत नव्हता, आणि सगळ्यांदेखत थुंकवतही नव्हता.