पेटीवाल्यांची खोली

“चला, निघू या आता. फार वेळ बसलो,” असं म्हणून काकूंनी पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन त्या चपला शोधू लागल्या.

पेटीवाले पलंगाच्या कडेला बसले होते. नखांत अजून पांढरा रंग होता. “अगं, कुठं निघालीस? हेच आपलं घर.”

काकू हसल्या. यजमान उगाच आग्रह करू लागला की पाहुणा हसतो तसं. “नाही हो, घरी सगळं तसंच टाकून आलेय. आणि त्या बाई कधीच्या उभ्या आहेत बिचाऱ्या. त्यांना तरी बसायला सांगा.”

त्या बाई म्हणजे आरशातल्या काकूच होत्या.

आरसा पेटीवाल्यांनी परवाच लावला होता. बंद पडलेल्या केशकर्तनालयातून तो त्यांना जवळजवळ फुकट मिळाला होता. खिडकीसमोर मोठा आरसा टांगला की खोली दुप्पट दिसते, हे ते गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आले होते. स्वतःच्या घरात मात्र राहून गेलं होतं. न्हाणीघरात पाय घसरून काकू पडल्या आणि दवाखान्यात राहिल्या, तेव्हा पेटीवाल्यांना वाटलं, आता करू. बायको परत येईल ती नव्या घरात येईल. त्यांनी भिंतींना पांढरा हात दिला. मधला पडदा काढला. आणि पलंग फिरवून खिडकीशी नेला, कारण काकू वर्षानुवर्षं म्हणत होत्या, “एकदा तरी मला खिडकीशी निजायचंय.” तेव्हा ते म्हणायचे, “तिथं पलंग नेला तर टेबल कुठं उघडायचं?” आता टेबलाचीही सोय त्यांनी काढली होती.

काकू आधीपासूनच विसरत होत्या. दूध उतू जायचं, किल्ली साखरेच्या डब्यात सापडायची. पण घर त्या विसरल्या नव्हत्या. अंधारातही त्यांचा हात बरोबर काडेपेटीवर जायचा. दवाखान्यातून आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथं तर वासे नवऱ्यानंच हातानं फिरवले होते, आणि तेही कौतुकानं.

पेटीवाल्यांचा जन्म गोदामात पेट्या ठोकण्यात गेला. यंत्रं, काचसामान, औषधाच्या बाटल्या, जे बाहेरगावी जायचं ते त्यांच्या लाकडी पेटीतून जायचं. कुठली वस्तू कशी आडवी घातली म्हणजे तिच्या कुशीत दुसरी बसते, हे त्यांच्या हाताला कळायचं. मोडक्या पेट्यांच्या फळ्या घरी आणायला मालकाची हरकत नव्हती. त्या फळ्यांतून त्यांनी संसार उभा केला. एका खोलीत नवराबायको, मुलगी आणि मरेपर्यंत त्यांची आई, अशी चार माणसं राहिली आणि कुणाचा कुणाला पाय लागला नाही. पलंग विटांवर चढवलेला, खाली सगळी अंथरुणं. टेबल बिजागरीवर, जेवण झालं की भिंतीला मिटायचं. बरण्यांची झाकणं त्यांनी फळीच्या पोटाला ठोकली होती. बरण्या खाली लोंबायच्या, फिरवली की हातात यायची. फळ्यांवर पेटीची जुनी अक्षरं तशीच होती. कपड्यांच्या कप्प्यावर ‘हा भाग वर’, मुलीच्या पुस्तकांवर ‘जपून, फुटेल’.

इमारतीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाला मूल झालं, की पेटीवाल्यांना बोलावणं यायचं. “काका, जरा खोली बघता का?” ते दाराशी उभे राहून आधी नुसतं बघायचे. मग म्हणायचे, “जमीन मोकळी ठेवा, भिंत भरा.” समोरचा शिंपी चेष्टेनं म्हणायचा, “यांच्याकडे पाहुणा गेला तर त्यालाही खुंटीला टांगतील.” काकू आतून ओरडायच्या, “टांगतील, पण सुरकुती पडू देणार नाहीत. तुमच्यासारखं नाही.”

अशा त्या काकू आता चपला शोधत होत्या. चपला दारामागच्या कप्प्यात होत्या, कप्प्याला झाकण होतं, म्हणून त्यांना दिसत नव्हत्या. त्या दिवशी त्यामुळेच त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी पेटीवाले पाणी भरत असताना त्या अनवाणी गेल्या. शिंप्याला त्या बसथांब्यावर भेटल्या. पिशवी मांडीवर, येणाऱ्या प्रत्येक बसच्या माणसाला घरचा रस्ता विचारत होत्या.

मुलगी दुसऱ्या गावाहून लगेच आली. ती एका कचेरीत कामाला. घरी दोन खोल्या, त्यात सासू-सासरे. तिनं सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. “बाबा, आमच्याजवळ एक संस्था आहे. म्हाताऱ्या बायकांची. स्वच्छ आहे. एक खाट रिकामी झालीय, रविवारपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत.”

“मी पण येतो.”

“तिथं फक्त बायका घेतात, बाबा.”

“मग नको.”

“नको म्हणून कसं चालेल? उद्या गाडीखाली आली तर?” ती आईकडे वळली. आई तिच्याकडे अदबीनं पाहत होती. मुलीनं नजर वळवली. “ती घरात शांत बसत असती तर मी बोललेच नसते. बसतेय का ती? पायाला भिंगरी लावल्यासारखी दाराकडे पळते.”

“बसेल. रविवारपर्यंत मी तिला बसवून दाखवतो.”

“बसली तर नाही नेणार,” मुलगी म्हणाली. “पण बाबा, मला फसवू नका. आणि स्वतःलाही.”

ती गेल्यावर पेटीवाल्यांनी पहिल्यांदा आरसा उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून जिन्यात ठेवला. मग पलंग जुन्या जागी नेला, पडदा लावला. काकू पलंगावर टेकल्या, दोन मिनिटं बसल्या आणि म्हणाल्या, “चला, निघू या.”

खालच्या मजल्यावरची नर्स कामावरून येताना डोकावली. ती कधी आडपडदा ठेवून बोलायची नाही. “काका, तुमचं घर म्हणजे जादूगाराची पेटी. सगळं झाकलेलं. त्यांना आता झाकलेलं म्हणजे नसलेलं. डोळ्यांसमोर ठेवा.”

पेटीवाल्यांनी कप्प्यांची दारं काढली. आयुष्यभर जे नजरेआड ठेवण्यात शहाणपण मानलं ते सगळं बाहेर आलं. खोलीत मुंगीला शिरायला जागा राहिली नाही. काकू त्या पसाऱ्यात अंग चोरून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “या लोकांचं सामान फार. आपण मध्येच आलो वाटतं.”

तेव्हा पेटीवाले त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. “बरं, तुमच्या घरी सोडतो. पण मला सांगा तरी, घर कसं आहे तुमचं?”

काकूंचा चेहरा मोकळा झाला. “लहानच आहे. खिडकीखाली एक पेटी आहे, तिच्यावर बसून आम्ही दोघं चहा पितो. चटई आहे. आणि दोरी, कपड्यांची.”

“पलंग नाही?”

“पलंग कुठला? यांचं म्हणणं, करू सावकाश.”

पेटीवाल्यांच्या आता ध्यानात आलं. दवाखान्यापूर्वीचं घर त्या मागतच नव्हत्या. ज्या घराकडे त्या निघाल्या होत्या त्यात मुलगीही जन्मली नव्हती, सासूही यायची होती. तिथं जायला बस नव्हती. पण मांडलेलं उचलता येतं, ठोकलेलं उपटता येतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी घर मागं न्यायला घेतलं. पलंगाखालच्या विटा निघाल्या, मग पलंगही शिंप्याकडे गेला. मिटायचं टेबल नर्सनं नेलं. “तात्पुरतं ठेवते हं काका, तुमचंच आहे,” ती म्हणत राहिली. बरण्यांची फळी उतरवताना एक झाकण हातात आलं, आत मोहरीचे चार दाणे अजून अडकलेले. ‘जपून, फुटेल’ लिहिलेली फळी त्यांनी काढली तेव्हा मुलीचा फोन आला.

“शिंपीकाकांनी सांगितलं मला. बाबा, तुम्ही घर मोडताय?”

“मोडत नाही. लावतोय.”

“जागा करून माणूस परत येत नाही हो.”

“मी दुसरं काय शिकलोय?” पेटीवाले म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा पकड हातात घेतली.

एकेक खिळा निघत गेला. काकू मध्येच येऊन बघायच्या, कधी खिळे गोळा करून द्यायच्या. दर खेपेला त्या थोड्या जास्त वेळ बसतात असं पेटीवाल्यांना वाटायचं. आशा वेडी असते. त्यांनी गोदामात जाऊन जुन्या मापाची पेटी मागून आणली आणि खिडकीखाली ठेवली. दोरी बांधली. कोपऱ्यात चटई.

रविवारी सकाळी नर्स काकूंना आपल्याकडे आंघोळीला घेऊन गेली. पेटीवाल्यांनी केर काढला, धुतलेला सदरा घातला आणि स्टोव्हवर चहा ठेवला. खोली बोडकी झाली होती. नव्या पांढऱ्या भिंतींवर सगळीकडे खिळ्यांची भोकं दिसत होती.

काकू दारात आल्या. थबकल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की पेटीवाले चहा गाळता गाळता थांबले. त्या न सांगता आत आल्या. खिडकीपर्यंत गेल्या, बाहेर डोकावल्या, पेटीवर बसल्या. पिशवी बाजूला ठेवली.

पेटीवाल्यांनी चहा पुढं केला. “आवडलं?”

“लहान आहे, पण उजेड चांगला आहे,” काकू म्हणाल्या. कप घेऊन त्यांनी मान लववली. “तुमचीच ना खोली?”

पेटीवाल्यांनी वळून स्टोव्ह बंद केला.

“मला पसंत आहे. पण आमच्या यांना दाखवल्याशिवाय हो म्हणता यायचं नाही. येतीलच ते एवढ्यात, गोदाम सुटलं की. जागा लहान म्हणून मी घाबरत नाही. त्यांच्या हातात कला आहे.” त्या उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन वितीनं मोजू लागल्या. “इथं फळी बसेल. इथं टेबल, मिटायचं. तुमची भिंतीला खिळे मारायला हरकत नाही ना?”

त्यांचं बोट जिथं जिथं टेकत होतं तिथं तिथं भोक होतं.

“नाही,” पेटीवाले म्हणाले. “हरकत नाही.”

“आणि पलंग खिडकीशी घ्यायचा. तेवढं मी त्यांच्याकडून करूनच घेणार आहे.”

जिन्यात पावलं वाजली. मुलगी दारात आली, आत बघून तिनं तोंडावर हात ठेवला. मग तिला आई दिसली, पेटीवर पुन्हा टेकलेली, हातात कप, पाय सैल सोडलेले. तिचा आवाज एकदम हलका झाला. “बाबा, बसलीय की आई.”

एवढं म्हणून ती थांबली. तिनं शब्द दिला होता. पेटीवाल्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर ती आल्या पावली परत फिरली असती. त्यांनी तोंड उघडलंही.

पण काकू मुलीला म्हणाल्या, “तुम्हीपण खोली बघायला आलात का? आम्ही आधी आलोय हं बाई.” आणि पेटीवाल्यांकडे वळून, जरा काळजीनं, “यांना अजून उशीर का होतोय? मी खाली जाऊन बघते.” कप ठेवून त्या पिशवी शोधू लागल्या.

पेटीवाल्यांनी तोंड मिटलं. पिशवी त्यांनीच उचलून मुलीच्या हाती दिली. “हिला निजायला खिडकीजवळची खाट मागून घे,” ते म्हणाले.

“बघते, बाबा.” मुलीनं डोळे पुसले आणि आईचा हात धरला. “चला, मी तुम्हाला घरी सोडते.”

‘घरी’ म्हटल्यावर काकू लगेच निघाल्या. उंबऱ्याशी मात्र त्या वळल्या. “खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. आम्ही येतो.”

“नाही देत.”

संध्याकाळी नर्स आणि शिंपी टेबल धरून जिना चढून आले. शिंपी दम खात म्हणाला, “पलंग पण आणतो मागून. असं रिकाम्यात कसं राहणार तुम्ही?”

“कुठं लावू, काका?” नर्सनं विचारलं.

“नको. राहू द्या तुमच्याकडेच.”

“अहो पण...”

“खोली बघून गेलेत लोक,” पेटीवाले म्हणाले. “पसंत आहे म्हणालेत. त्यांचं ते लावून घेतील.”

दोघं एकमेकांकडे बघत टेबल घेऊन खाली उतरले. पेटीवाल्यांनी दार लोटलं, चहाचे दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि खिडकीखालच्या पेटीवर एका कडेला, जागा सोडून बसले.