हंसाबेनच्या डोक्यावरची टाकी

हंसाबेनच्या साड्यांच्या दुकानात छताला एक पिवळा डाग होता, परातीएवढा. त्याच्या खालचं कपाट तिने महिनाभर रिकामं ठेवलं होतं. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या त्या दुमजली इमारतीत खाली तिचं दुकान आणि वर भाविनी डॉक्टरांचा दातांचा दवाखाना. वाट बघत बसलेल्यांचं मन रमावं म्हणून डॉक्टरांनी डिसेंबरात माशांची चार फुटी टाकी बसवून घेतली. पहिल्याच शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली, तेव्हा टाकीखालच्या लाकडी कपाटातून पाणी वाहिलं, फरशीच्या सांध्यांतून झिरपलं आणि खाली अठरा साड्या भिजल्या.

तलासरीकडे जमीन हादरत होती ते दिवस. हंसाबेन प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी, की धरणीकंपात माझा एक आरसा तडकला नाही, नुकसान केलं ते माशांनी.

टाकी बसवणारा फोन उचलेना. मग कुणीतरी डॉक्टरांना वरोरच्या योगिताचं नाव सांगितलं. योगिता तीन वर्षं बोईसरला माशांच्या दुकानात कामाला होती. मालकाच्या हाताखाली तिने पंधरा-वीस टाक्या बसवल्या होत्या. स्वतःच्या नावावर एकही नव्हती. डॉक्टरांनी अट स्पष्ट सांगितली. येत्या शुक्रवारी दहाला लाइट जाईल, बाराला येईल. तेवढ्या वेळात खाली थेंब जरी गेला, तरी टाकी भंगारात. तसा शब्द त्यांनी हंसाबेनला दिला होता. पहिलंच काम भंगारात गेलेल्या पोरीला डहाणूत दुसरं काम कोण देणार, हे योगिताला कुणी समजावून सांगायला नको होतं.

तिने आधी पाणी कुठून आलं ते शोधलं. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा खण होता, त्याच्या काठाला कंगव्यासारख्या फटी. जास्तीचं पाणी फटींतून खणात पडे, पाइपने कपाटात ठेवलेल्या खालच्या टाकीत येऊन गाळलं जाई आणि पंप ते दुसऱ्या पाइपने पुन्हा वर चढवी. पण या दुसऱ्या पाइपचं तोंड वर वीतभर पाण्यात बुडवलेलं होतं. लाइट जाऊन पंप थांबला, की तोच पाइप उलटं पाणी ओढू लागे आणि खालची टाकी भरून वाहे. योगिताने पाइप वर घेतला, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली त्याला बारीक भोक पाडलं. बोटभर पाणी उतरलं की भोकातून हवा शिरे आणि ओढ तुटे. खालच्या टाकीवर तिने तांबडी रेघ मारली आणि पंपाची पिन बारा वेळा काढून पाहिली. पाणी बाराही वेळा रेघेपाशी येऊन थांबलं.

गुरुवारी तिचा बाप, मोरू, हाताखाली मदतीला आला. चाळीस वर्षं बोटीवर गेलेला माणूस. टाकीत सोडलेले चिमुकले मासे फटींपाशी घुटमळताना पाहून त्याला चैन पडेना. मासा निसटायला वाट उघडी ठेवायची, हे त्याच्या हातांना मंजूर नव्हतं. त्याच्या पिशवीत जवळा धरायच्या जाळ्याचा, अगदी बारीक आसाचा, म्हणजे बारीक भोकांचा तुकडा होता. तो त्याने फटींवर ताणून, चार पक्क्या गाठी मारून बांधला. योगिताने तो पाहिला. घरात इतकी वर्षं जाळ्यावरच सगळं चाललेलं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट गाठी बघून बरं वाटलं.

शुक्रवारी हंसाबेन स्वतः स्टूल घेऊन वर आली. दहाला लाइट गेली. पाणी खाली उतरलं आणि तांबड्या रेघेला टेकून थांबलं. दोन तास काहीच झालं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना चहा पाजला. हंसाबेनने मोरूला विचारलं, समुद्र सोडून तू या डबक्यापाशी काय करतोस? मोरू म्हणाला, इथं भरती-ओहोटी लाइटवाले ठरवतात, ते शिकतोय.

बाराला पंप घुरघुरला. योगिताची नजर खालच्या रेघेवर होती. पाणी उतरत होतं, आणि जरा जास्तच उतरत होतं. तिने मान वर केली. दोन तास संथ पाण्यावर तरंगलेली झाडांची सुटी पानं आणि शेवाळाचे धागे पंप सुरू होताच एकदम फटींकडे ओढले गेले होते आणि जाळ्यावर थापून बसले होते. खणात पाणी पडतच नव्हतं. वरची टाकी काठोकाठ भरत आली होती. तिने पिन उपटली.

बाहेर एक थेंब आला नव्हता. हंसाबेनला काही कळलंही नव्हतं. योगिता पिन हातात धरूनच तिच्याकडे वळली.

"बेन, आत्ता वाहिलं असतं," ती म्हणाली. "फटी तुंबल्या."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मोरू पुढे होऊन गाठी सोडू लागला.

"मी बांधलं ते," तो म्हणाला. "डोल जाळ्याच्या तोंडाला हात जाईल एवढा आस असतो, बारीक जाळं शेपटीला. चाळीस वर्षं डोल लावली आणि इथं येऊन शेपटीचा तुकडा तोंडाला बांधला."

"मी बघितलं होतं, बाबा. मी सोडायला हवं होतं."

हंसाबेन उठली. आता ती जाऊन टाकी हलवायला माणसं बोलावणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने विचारलं ते वेगळंच. जाळं काढलं, ठीक. उद्या एखादं पान अडकलं, एखादा मासा मेला, मग?

योगिता खाली बसली आणि दोन्ही टाक्यांना पट्टी लावून मोजत राहिली. मग खालच्या टाकीतून तिने दोन बादल्या पाणी काढून मोरीत ओतलं आणि पंप लावला. पाणी फिरू लागल्यावर आपला ओला नॅपकिन तिने हंसाबेनपुढे धरला.

"तुम्हीच फटी बंद करा. दाबून."

हंसाबेनने बांगड्या वर सारल्या आणि नॅपकिन फटींवर दाबून धरला. पाणी चढू लागलं. काठापासून चार बोटं, तीन बोटं. डॉक्टरांनी पुसायचं फडकं उचललं. दोन बोटं उरली तेव्हा खाली पंप खरखरला आणि हवा ओढू लागला. खाली पंपाला ओढायला पाणीच उरलं नव्हतं. वरचं पाणी जिथल्या तिथे थांबलं. योगिताने पिन काढली.

"हात काढू?" हंसाबेनने विचारलं.

"काढा."

ती तशीच उभी राहिली, आणखी थोडा वेळ दाबून. मग हात पुसत म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी पण बघणार हं मी."

मोरूने दुपारीच मोठ्या आसाची जाळी विणायला घेतली, फटींपासून पसरट फुगणारी, म्हणजे पान आलं तरी आजूबाजूने वाट राहावी. डॉक्टरांनी टाकीखालच्या कपाटावर योगिताचं नाव आणि नंबर लिहिलेला कागद चिकटवला.

संध्याकाळी दोघं बापलेक एसटीसाठी खाली उतरली, तेव्हा हंसाबेन शिडीवर चढून त्या डागाखालच्या कपाटात साड्या लावत होती. वरचा खण तिने अजून रिकामाच ठेवला होता.