तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद

गुलाबी टोपी बोटाखाली किंचित डुगडुगते. टूथपेस्टच्या ट्यूबची टोपी, गोंदाने बसवलेली, कारण मिक्सरवरच्या चार नंबरच्या फेडरची, आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीची, मूळ टोपी कुठल्या तरी लग्नात पडून गेली. सिदू ती दाबून बसवतो, फेडर जरा वर सरकवतो, जरा खाली. खाली... त्या दिवशी आधी एवढंच केलं होतं मी. उठून स्टेजवर गेलो ते त्यानंतर.

सकाळचे नऊ. तुळजापुरात सोलापूरच्या गाड्या उतरताहेत, समोरच्या लॉजवाल्याचा माईक शिट्टी मारतोय, आणि वीस वर्षं साऊंड लावणाऱ्या सिदूचा कान आपोआप तिकडे वळतो. बिघाड ऐकणं हाच धंदा. घूं आलं की अर्थिंग, खरखर आली की जॅक, आणि तेच तेच वाजायला लागलं की अडकलं. पेन ड्राइव्ह अडकतो, सीडी अडकायची, त्याआधी कॅसेट. अडकलं की इलाज एकच: बंद करायचं, चालू करायचं.

गेल्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगला त्याने तेच केलं होतं. एसटी डेपोतल्या अमृतची मुलगी श्रावस्ती कीबोर्डवर बसली होती. पाच सूर. तेच पाच सूर, पुन्हा, पुन्हा... लोक चुळबुळायला लागले, पहिल्या रांगेतले हेडसर मागे वळून सिदूकडे बघायला लागले, आणि सिदूने फेडर खाली ओढला, स्टेजवर गेला, पोरीच्या पायाशी वाकून विजेच्या बोर्डाचं बटण बंद केलं, चालू केलं, आणि तिच्यासमोरच्या उघड्या माईकमध्ये समाधानाने म्हणाला, ‘हां, झालं नीट.’ टाळ्या पडल्या. श्रावस्ती उठून गेली. त्यानंतर ती लोकांसमोर वाजवायला बसलीच नाही, हे अमृतनेच टपरीवर चहा पिताना सांगितलं. रागाने नाही. कुठली गाडी किती उशिरा आली ते सांगावं तसं.

मिक्सर सगळं पेन ड्राइव्हवर भरून घेतो. पुसायच्या आधी म्हणून त्याने ते एकदा पिकअपमध्ये लावलं — तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद, मग शांतता, मग टक, मग स्वतःचाच आवाज. पुसलं नाही. पुन्हा लावलं. कितव्या वेळी कोण जाणे, अणदूरच्या रस्त्यावर त्याला कळलं की चोविसाव्या फेरीला तिसरा सूर नाहीच. पाच जण चालताहेत, त्यातला एक मागे पडलाय, आणि उरलेले चौघे त्याची जागा मोकळी ठेवून चालताहेत. सिदूने पिकअप बाजूला घेतली. वीस वर्षांचा कान, आणि हे ऐकू आलं नव्हतं! पुढे डाव्या हाताचा एक सूर हळूच खाली उतरतो, मागे पडलेला आता परत येणार असं वाटायला लागतं, आता, आता — हां, झालं नीट.

वर्षभर तो त्या जागेपर्यंत येतो आणि थांबतो. पुढे काय आहे ते फक्त त्या पोरीला ठाऊक.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी परदेशात कुणी कुणी असं थोडक्या सुरांचं पियानो संगीत सुरू केलं, मिनिमलिस्ट म्हणतात त्याला, असं अमृतने पोरीकडून ऐकून सांगितलं होतं. म्हणजे लग्नाच्या व्हिडिओत नवरी सावकाश पायऱ्या उतरते तेव्हा मागे जे टिंग टिंग चाललेलं असतं, विम्याच्या जाहिरातीत म्हातारा नातवाला सायकल शिकवतो तेव्हा जे असतं... ती सगळी ह्याचीच पिलावळ. शंभर लग्नांत ते मीच वाजवलंय. एकदाही बंद केलं नाही.

‘तात्या,’ जॅक पुसता पुसता त्याने चुलत्याला विचारलं, ‘तेच तेच वाजलं की अडकल्यावानी वाटत न्हाय व्हय?’

धनाजीतात्या उन्हात बसले होते. गोंधळात तुणतुणं धरण्यात त्यांचा जन्म गेला. ‘तीस वरीस म्या एका तारंवर काढली, सिदू. माजी तार कुणी उपटली न्हाय.’

‘त्यांना काय सांगताव तात्या,’ दैवशाला आतून म्हणाली. नवऱ्याला चिमटा काढायची एवढी सोय ती सहसा वाया जाऊ देत नाही. ‘परवा पंखा गोल गोल फिरतोय म्हनून बंद करून आले.’

तात्या दात नसलेल्या तोंडाने बराच वेळ हसले. सिदूही हसला. पण काल रात्री अमृतचा फोन आला होता: धाराशिवला वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, उद्या चार वाजता, श्रावस्ती वाजवणार आहे, आणि म्हणते, साऊंडला सिदूकाकाच पाहिजेत. मीच का? सगळ्यांसमोर काही बोलणार असेल. बोलू दे. की नुसतं दाखवायचं असेल... रस्ताभर त्याने ‘बाई, चुकलं माझं’ हे चार प्रकारे म्हणून बघितलं. चारही वेळा ते माईक टेस्टिंगसारखं वाटलं.

हॉलमध्ये साठेक खुर्च्या. श्रावस्ती उंच झाली होती. त्याने कीबोर्डची वायर ओढली, ती म्हणाली, ‘काका, ह्या वेळी मिक्सर विजेच्या बोर्डाजवळच ठेवा. तुम्ही तिथंच बसा.’

‘का गं?’

‘कुणी बंद करायला आलं तर अडवायला. तुमच्याइतकं कुणाला कळणार, माणूस केव्हा उठतो ते?’

तिचं तोंड सरळ होतं. डोळ्यांत हसू होतं. ‘बाई,’ तो म्हणाला, ‘ते गेल्या वर्षी —’

‘अठरा मिनिटं आहे, काका. नंतर.’ आणि ती बसली.

पाच सूर. घड्याळ न बघायचं ठरवूनही त्याने मोबाईल मांडीवर ठेवलाय. चोविसावी फेरी: गेला तिसरा. जागा मोकळी. सिदूला एकट्यालाच ठाऊक असल्यासारखं बरं वाटतं. पहिल्या रांगेत चुळबूळ. कोटातले एक गृहस्थ मागे वळतात, भुवया उंचावतात, बोटाने हवेत गोल गोल काढतात: अडकलंय का? आणि सिदू, ज्याचा उजवा हात गुलाबी टोपीवर आपसूक गेलेलाच आहे, डावा तळहात त्यांच्याकडे धरतो. बसा. चालू द्या. गृहस्थ बसतात, पुन्हा अर्धे उठतात, पुन्हा बसतात.

डावा हात खाली उतरला. तीन मिनिटं अडतीस. मागे पडलेला आता येणार, आता... एकोणचाळीस, चाळीस. बोट टोपीवरून निघतं, हवेत थोडं राहतं, कुठे ठेवावं ते त्याला कळत नाही.

बेचाळीस.

इथून पुढचं त्याने कधी ऐकलेलं नाही. तो सूर आला नाही. चौघे तसेच चालताहेत, जागा तशीच मोकळी. येईल पुढच्या फेरीला, की अठराव्या मिनिटाला, की नाहीच... सिदू मोबाईल उलटा ठेवतो. चुकलं म्हणायचं राहिलंच आहे, तेही असू दे तसंच, ह्यांच्यासोबत चालत. आणखी एक फेरी. आणखी एक. कुठेतरी अगदी बारीक घूं आहे, अर्थिंगचं असावं, त्याला ते ऐकू येतंय, आणि तो उठत नाही.