कुलूप लावलेलं कुरण

"आखो जरा वाकीसन देखा, बाई. खालेच व्हतीन," म्हणत पितांबर स्वतःच गुडघ्यांवर बसला.

धुळ्याच्या कॉलेजातल्या प्रमिलाबाई सात वर्षांनी शिरपूरजवळच्या या कुरणात आल्या होत्या. चौऱ्याऐंशी साली त्यांनीच राखणदार पितांबरला ते नखाएवढं निळं फुलपाखरू दाखवलं होतं. जमिनीलगत पसरणाऱ्या एकाच जातीच्या रोपावर त्याची अंडी, अळीला मुंग्यांची सोबत. "जपा हं याला," एवढंच त्या बोलल्या होत्या. पितांबरवर आजवर कुणी असं काही सोपवलं नव्हतं. बिचारा हुरळून गेला.

पोळा झाला की गावची ढोरं कुरणात सोडायची जुनी वहिवाट. ती त्याने मोडली. काटेरी कुंपण घातलं, फाटकाला कुलूप ठोकलं, विळासुद्धा आत येऊ दिला नाही. शेजारच्या भिकुबाईने चाऱ्यासाठी पदर पसरला, तिलाही हाकललं. गावाने बोलणं टाकलं, पण पठ्ठ्या हटला नाही.

आता गवत कमरेइतकं माजलं होतं. बाईंनी ते दोन्ही हातांनी बाजूला केलं. तळाशी कुजका पाचोळा आणि त्या रोपाची एक वाळकी काडी.

"ढोरं येत नाहीत का इथे?"

"एक खूर पडू दिधा नही, बाई!" तो अभिमानाने म्हणाला.

बाईंनी ती वाळकी काडी बोटांनी चाचपली. "ढोरं गवत खायची म्हणून त्या रोपाला ऊन लागायचं, पितांबर. मीच नीट सांगायला हवं होतं."

पितांबरने त्या काडीकडे पाहिलं. सात वर्षं ज्याला जपलं, त्याचा गळा आपणच घोटला होता. बाईंना एसटीत बसवून तो थेट भिकुबाईच्या दारात गेला.

"ढोरे चाराले लई ये, अक्का. फाटक उघडं शे."

भिकुबाई सरपण रचत होती. तिने वरही पाहिलं नाही. "कोनता ढोरे, भाऊ? तुन्हं कुलूप पडनं, त्याच साले बठ्ठ्या गाया इकी टाक्यात. चारा कोठे व्हता?"

गाई विकल्याचं सांगताना तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो कुरणात परतला.

त्या काडीभोवतालचं गवत त्याने हातानेच उपटायला घेतलं. बोटं कापली. ताटाएवढी जागा मोकळी झाली, तिच्यावर भादव्याचं ऊन पडलं. पितांबर शेजारी बसून राहिला. ऊन उतरेपर्यंत तिथे काहीच येऊन बसलं नाही.