डावीकडे गाय

शिल्पाला राग फार लवकर येतो, असं तिच्या आईचं, द्रौपदाबाईचं म्हणणं होतं. पाचोऱ्याच्या एका कॉलेजात शिल्पा ग्रंथालयात कामाला होती. पांढरी काठी घेऊन जायची-यायची, आणि रस्त्यात धक्का लागून कोणी "दिसत नाही का?" म्हटलं, की थांबून "नाही दिसत" असं सांगायची. तिच्या डोळ्यांचा पडदा लहानपणापासून कडेकडेनं निकामी होत आला होता. समोरचं दिसायचं, पण नळीतून पाहावं तेवढंच. बाजूनं कोण आलं, पायाशी काय पडलंय, याचा पत्ता नसायचा.

तिचं लग्न दोनदा ठरून मोडलं. दुसऱ्या वेळी तर पत्रिका वाटून झाल्या होत्या. पुढं धाकट्या भावाला, प्रशीलला, एकोणिसाव्या वर्षी धुळ्याच्या डॉक्टरांनी तोच आजार सांगितला, तेव्हा द्रौपदाबाईनं त्या तपासणीचे कागद पेटीच्या तळाशी घातले. तुझं झालं ते झालं, पोराचं तरी होऊ दे, असं ती शिल्पाला म्हणाली. शिल्पानं तोंड बंद ठेवलं. प्रशीलचं लग्न झालं, मेघा घरात आली, मुलगी झाली, मुलगी पहिलीत गेली.

आणि गेली दोन वर्षं प्रशील एका शाळेची मुलं व्हॅनमधून ने-आण करत होता. माझं तुझ्याइतकं वाढलेलं नाही, असं तो सांगायचा. शिल्पानं ते खरं मानलं. मानणं सोयीचं होतं म्हणून मानलं.

डिसेंबरात एका सकाळी तिची रिक्षा आलीच नाही, म्हणून ती व्हॅनमध्ये भावाशेजारी बसली. मागं चौदा मुलं होती. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच एक मुलगी ओरडली, "काका, डावीकडे गाय!" प्रशीलनं गाडी उजवीकडे घेतली. लगेच दुसरा कोणी ओरडला, "उजवीकडे ट्रॅक्टर!"

शिल्पानं मागं वळून विचारलं, हे काय चाललंय? मुलांनी मोठ्या हौसेनं सांगितलं. हा रोजचा खेळ. जो आधी सांगेल त्याला काका चॉकलेट देतात. सगळ्यात जास्त चॉकलेटं काकांच्याच मुलीला मिळतात, कारण तिचं लक्ष फार असतं.

शिल्पानं भावाला गाडी थांबव म्हटलं. तो हसला, म्हणाला, मुलांना गंमत वाटते, अक्का. तेवढ्यात मागं दोन मुलं चॉकलेटवरून भांडायला लागली आणि खेळ बंद पडला. उजवीकडच्या गाडीवाटेवरून एक मोटारसायकल आली. ती ना त्याला दिसली, ना तिला. आरसा फुटल्याचा आवाज झाला, ब्रेक लागला, मुलं सीटवरून खाली घसरली. मोटारसायकलवाला कपाशीत जाऊन पडला. कोपर सोलून निघालं होतं. तो उठून शिव्या देऊ लागला, आणि प्रशील आवाजाच्या रोखानं अख्खी मान फिरवून त्याला शोधू लागला. अशी मान शिल्पा रोज फिरवायची.

संध्याकाळी ती कामावरून थेट त्याच्या खोलीत गेली. मेघा मुलीच्या गुडघ्याला हळद लावत होती. शिल्पानं प्रशीलला भिंतीकडे पाहायला सांगितलं आणि त्याच्या कानाच्या रेषेत हात धरला.

"किती बोटं?"

त्यानं मान वळवली.

"मान हलवायची नाही. किती बोटं?"

त्याची मान पुन्हा वळलीच. मेघा उठून उभी राहिली. द्रौपदाबाई दारातूनच म्हणाली, "तुना भाऊ शे तो, शिल्पा. घरनी गोष्ट घरमाच राहू दे."

"माझी गोष्ट तू घरात ठेवलीस का गं?" शिल्पा म्हणाली. "मला बघायला आलेल्या प्रत्येकाला गावानं सांगितलं, पोरगी आंधळी आहे. तेव्हा मी खपवून घेतलं. आता हा दुसऱ्यांच्या लेकरांचे डोळे वापरून गाडी हाकतोय. स्वतःच्या पोरीचेसुद्धा."

प्रशील तिच्या अंगावर धावून आला, पण मध्ये ठेवलेलं स्टूल त्याला दिसलं नाही. तो पडला. कोणी त्याला उठवायला गेलं नाही.

मेघानं सगळं ऐकून घेतलं आणि शिल्पाकडे वळली. "तुम्हाला लग्नाआधीपासून माहीत होतं?"

शिल्पा हो म्हणाली. कागद पेटीच्या तळाशी आहेत, हेही तिनं सांगितलं.

सकाळी मेघानंच पेटी उघडली आणि धुळ्याचे कागद शिल्पाच्या हातात दिले. "शाळेत द्या. पण मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका."

मुख्याध्यापक जितेंद्र सर आधी पाणी विचारत राहिले. मग वर्षाच्या मध्येच दुसरी गाडी कुठून आणायची, पालक काय म्हणतील, असं बोलू लागले. शेवटी म्हणाले, लेखी द्या. ही बाई लिहिणार कशी, असं त्यांना वाटलं असावं. शिल्पानं पर्समधून जाड मार्कर काढला आणि एकेक शब्द नजरेच्या नळीत धरत तीन पानं भरली. सही केली. पोच घेतल्याशिवाय उठली नाही.

व्हॅन बंद झाली. दोन पालक घरी येऊन शिल्पालाच बोलून गेले, की पोरांना सोडायला आता कामधंदा टाकून जावं लागतं. द्रौपदाबाईनं नातेवाइकांत सांगितलं, की बहिणीनं भावाच्या पोटावर पाय दिला. प्रशील दीड महिना घराबाहेर पडला नाही.

फेब्रुवारीत प्रशीलच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जळगावला जायची वेळ आली. त्याच्यासोबत जायला मेघानं नकार दिला, म्हणून शिल्पा गेली. एसटीत दोघं पुढंमागं बसले. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी शिल्पाचेही जुने कागद मागून पाहिले आणि सांगितलं, भावाची नजर बहिणीपेक्षा अरुंद झालेली आहे. गेली दोन वर्षं यांनी एकट्यानं रस्ता ओलांडणंही धोक्याचं होतं.

बाहेर जिन्याशी येऊन प्रशील थांबला.

"मी तुला कधीच माफ करणार नाही, अक्का."

"नको करू," शिल्पा म्हणाली. "मीही केलेलं नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही."

तो डाव्या कठड्याला धरून उतरू लागला, ती उजव्या. खालून वर येणारी माणसं दोघांच्या मधून जात राहिली.