पर्सेपोलीचे यमक

बेनासी मास्तरांनी स्टुलावर उभे राहून वरच्या फळीवरची क्षत्रपांची फाईल ओढली, तसे तिच्यामागे दडवलेले पत्र त्यांच्या खांद्यावरून घरंगळून जमिनीवर पडले. ते आल्यापासूनच्या एकतीस वर्षांत त्यांनी शिक्षणखात्यापासून गॅस कंपनीपर्यंत सगळ्यांना उत्तरे लिहिली होती. राहिले होते ते एवढ्या एकाच पत्राचे.

सकाळीच त्यांची थोरली बहीण आर्जिया बेकरीतून पावाबरोबर बातमी घेऊन आली होती. एर्सिलिया तोन्येत्ती येत्या शनिवारी लुक्का शहर सोडून मुलीकडे, त्रिएस्तेला, कायमची राहायला जाणार होती. बातमी सांगून आर्जिया स्वयंपाकघरात गेली आणि मास्तर स्टूल शोधू लागले.

आता ती दारात उभी होती.

"शहात्तराव्या वर्षी कुठे चढतोयस रे? पडलास तर उचलायला मी ऐंशीची."

मास्तरांनी पत्र पाठीमागे धरले. आर्जियाने नुसता हात पुढे केला. लहानपणापासून त्या हातापुढे त्यांचे कधीच काही चालले नव्हते.

एर्सिलियाच्या त्या पत्रात दुसरा मजकूर नव्हता, फक्त एक सुनीत होते. त्या काळी औषधाच्या दुकानावरच्या खोलीत दर शुक्रवारी वाचनमंडळ भरायचे, आणि या मुलखातली सुनिताइतकीच जुनी रीत मंडळाने जिवंत ठेवली होती. एकाने दुसऱ्याला सुनीत पाठवायचे. दुसऱ्याने त्याच यमकांत, त्याच क्रमाने चौदा ओळींचे उत्तर द्यायचे. यमके तीच, पण शब्द आपले. मुलींच्या शाळेत लॅटिन शिकवणारी, तरुणपणीच विधवा झालेली एर्सिलिया या खेळात सगळ्यांना भारी पडायची. मास्तर स्वतः फारसे लिहीत नसत. ते प्राचीन इराणी साम्राज्यावर ग्रंथ लिहीत होते (अजूनही लिहीत आहेत) आणि दर हिवाळ्यात त्यातले एक प्रकरण मंडळात वाचत. लोक डुलक्या काढत. एर्सिलिया वहीत टिपणे घेई.

पत्र घेऊन आर्जिया स्वयंपाकघरात आली, मास्तर स्टूल घेऊन मागोमाग. तिने चष्मा लावला आणि ओठ हलवत सुनीत वाचले. सम्राट दरायसचा घोडेस्वार दौडत निघाला आहे, ठाण्याठाण्यावर त्याला ताजा घोडा मिळतो आहे. दूरच्या प्रांताचा क्षत्रप बागेत बसून सम्राटाचे मोहोरबंद पत्र नुसते उलटसुलट करतो आहे. शेवटी सम्राट विचारतो, पायी नव्वद दिवसांची वाट माझा स्वार दहा दिवसांत कापतो. तुझे उत्तर यायला, क्षत्रपा, किती दिवस लागतील?

"छान आहे की," आर्जिया म्हणाली. "मग घोडं कुठे अडलं?"

मास्तरांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. घोडे अकराव्या ओळीत अडले होते. ती ओळ 'पर्सेपोली'वर, दरायसच्या राजधानीच्या नावावर, संपत होती. त्या नगराच्या नावाशी जुळणारे शब्द आपल्या इटालियन भाषेत दोनच. त्यातला एक, 'शिष्य', एर्सिलियाने चौदाव्या ओळीत वापरून टाकला होता. उरलेला शब्द टाचांच्या भेगांचा, तो क्षत्रपाच्या तोंडी कसा शोभावा? शिवाय जागा दोन आणि शब्द एक. बारा ओळी पहिल्याच हिवाळ्यात झाल्या होत्या. बाकीच्या दोन ओळींसाठी त्यांनी कोश पालथे घातले, नेपल्सकडच्या खेड्यांची नावे तपासली, एकदा तर वनस्पतिशास्त्राचे पुस्तकही आणले.

"आणि खरं सांगू का," मास्तर आवाज उतरवून म्हणाले, "तिची चूकही झाली आहे. स्वाराचा तो राजरस्ता पर्सेपोलीला जातच नव्हता. सूसाला, दुसऱ्या राजधानीला, संपायचा. मी मंडळात तीनदा सांगितलं होतं. पण चूक दाखवली तर तिला वाईट वाटेल, म्हणून तेही राहिलं."

"तीनदा सांगितलंस तेव्हा ती हजर होती?"

"पहिल्या रांगेत. वहीत उतरवून घेत होती."

"आणि सूसाला यमकं मिळतात?"

"ढिगानं. शाळकरी पोरसुद्धा जुळवेल."

आर्जियाने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. खरी जागा हाताशी, सोपी यमके हाताशी, तरी या बाईने खोटी आणि अवघड जागा का घेतली, असे तिने विचारले. घाईत झाले असेल, मास्तर म्हणाले. लॅटिनची मास्तरीण आणि घाईत, असे पुटपुटत तिने पत्र पुन्हा वाचले. मग तिने अगदी साधा प्रश्न विचारला. उत्तर नाही जमले, तर काय करायचे असते?

याचे उत्तर मास्तरांनी नाइलाजाने दिले. हरणाऱ्याने चिठ्ठी लिहून हार मान्य करायची. मग जिंकणाऱ्याला आपल्या घरी बोलावून, स्वतःच्या हाताने रांधून जेवू घालायचे. वकील फोर्नाचारींवर तशी पाळी तीनदा आली होती.

"एर्सिलियानं आणली?"

"छे. त्यांना ती मुद्दाम सोपी यमकं द्यायची. त्यांच्या हातचं खाणं म्हणजे..."

मास्तर थांबले.

आर्जिया पाठ फिरवून पाव कापू लागली. हसण्याने तिचे खांदे हलत होते. मास्तर स्टुलावर बसले, त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसून झालेला पुन्हा पुसला.

"मला वाटलं, तिला उत्तर हवंय."

"तिला जेवायचं होतं रे बाबा," आर्जिया डोळे टिपत म्हणाली. "सगळा जन्म क्षत्रपांची पत्रं वाचलीस, आणि स्वतःला आलेलं एक वाचता आलं नाही."

तसे नसेलही, मास्तर म्हणाले. खरोखर घाई झाली असेल. आणि असले तरी आता, सामानाची खोकी बांधून झाल्यावर, असली चिठ्ठी मिळाली तर ती हसेल. हसू दे, आर्जिया म्हणाली. त्रिएस्तेला जाऊन हसण्यापेक्षा इथे हसलेली बरी. तिने टेबलावरची पावाची चुरी हाताने लोटली आणि कागद पुढे ठेवला.

पहिले उत्तर दीड पान भरले. त्यात सूसाचा खुलासा होता. आर्जियाने ते चुलीत टाकले. दुसरे दोन ओळींत आटोपले: हरलो. गुरुवारी दुपारी एक वाजता माझ्याकडे जेवायला यावे.

"यावे? लग्नपत्रिका आहे का ही? तिनं तुला 'तू' म्हटलंय."

"कवितेत सगळेच म्हणतात."

"मग चिठ्ठीत तू म्हण."

मास्तरांनी नवा कागद घेतला. 'ये' हे एकच अक्षर लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग पाकीट बंद करून त्यांनी बहिणीकडे आशेने पाहिले.

"माझ्याकडे बघू नकोस. मी गुरुवारी विआरेज्जोला चाललेय, मैत्रिणीकडे."

"हे कधी ठरलं?"

"आत्ता."

वाण्याच्या दुकानात मास्तरांनी फार्रोचे गहू आणि घेवडे मागितले. ते किती वेळ भिजत घालायचे, हेही खालच्या आवाजात विचारले. आवाज खालचा असला तरी रांगेतल्या बायकांनी ऐकलेच. गव्हाला भिजवायची गरज नाही, असे एक म्हणाली. रात्रभर भिजायला हवेतच, असे दुसरी. सेजची पाने घालावीत की रोझमेरी, यावर तर वाणी आणि त्याची सासू यांच्यात जुंपली. मास्तरांनी खिशातून टिपणाचे कार्ड काढले आणि सगळ्यांची मते नंबर घालून उतरवून घेतली. किती जणांसाठी, वाण्याने विचारले. मास्तरांचे कान लाल झाले. दोघांसाठी, ते म्हणाले. यावर वाण्याच्या सासूने काही न विचारता पिशवीत सेजची एक जुडी जास्त टाकली.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीला दोन फटी होत्या. आयुष्यभर त्यांची पत्रे उजव्या फटीत पडली होती, परगावच्या: नियतकालिकांना, प्रकाशकांना, ग्रंथालयांना. डाव्या फटीवर 'शहरासाठी' असे लिहिलेले होते. एर्सिलियाचे घर इथून चार मिनिटांवर. पण चिठ्ठी टपालानेच गेली पाहिजे, मंडळाची रीतच तशी. पेटीवरच्या वेळा मास्तरांनी दोनदा वाचल्या. आज सोमवार, अकराचे टपाल निघायचे होते.

पाकीट अर्धे आत गेले आणि तिथेच थांबले. दुसऱ्या टोकाला मास्तरांची बोटे घट्ट होती. मनगटाला लटकवलेल्या पिशवीचा भार हळूहळू हात खाली ओढत होता, दोघांपुरते गहू, घेवडे आणि सेज. एवढे सगळे एकट्याने कोण खाणार, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी बोटे सोडली.