आठची गोळी, अंगणातलं पपनस

कार्तिकातली कोवळी, केशरी सकाळ देवरुखच्या अंगणात उतरली होती. पपनसाच्या हिरव्यागर्द, दवभरल्या पानांतून ऊन ठिबकत होतं. पानांआड पपनसं लोंबत होती; पिवळसर, पुष्ट, जड.

तेरा वर्षं या घरात पपनस सोललं गेलं नव्हतं. नऊ वर्षांच्या रेवतीला आईचं, कुंदाचं, मूत्रपिंड बसवलं, तेव्हापासून. हे फळ तिच्या गोळ्यांशी भांडतं, डॉक्टर म्हणाले होते. मनाई लेकीला होती. पण तिच्यासमोर गुलाबी फोडी खाणं कुंदाला जमलं नसतं. झाड फुलायचं, फळायचं, आणि फळं पाट्या भरभरून शेजारी जायची.

तेरा वर्षं सकाळी आठ, तेरा वर्षं संध्याकाळी आठ. पंगतीत आठ, तापात आठ, एसटीच्या थांब्यावर आठ. गजर वाजला की कुंदाचा हात पुढे. तळव्यावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं. देहाने परक्या मूत्रपिंडाला हाकलू नये, एवढ्यासाठी. परकं कसलं डोंबलाचं, माझंच तर आहे, असं म्हणून कुंदा चिडायची.

आता रेवतीला कोल्हापूरच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती, आणि महिनाभर कुंदा नाहीच म्हणत होती. तिथे एक गोळी चुकली, दुसरी चुकली, तर? ती भ्यायली होती, बाकी काही नाही.

त्या सकाळी रक्ततपासणी होती. गजर वाजला. सवयीचा हात पुढे आला.

"आई, थांब गो," रेवती म्हणाली. "आज रक्त द्यायचंय ना? आधी रक्त, मग गोळी."

कुंदा चपापली. आधी गोळी घेतली तर रक्तातल्या औषधाचा आकडा चुकीचा येतो, हे तिनेच लेकीकडून घोकून घेतलं होतं. तेरा वर्षांत पहिली चूक होता होता राहिली, आणि ती आईची. तिला लाज वाटली, हसू आलं, आणि मग फार हलकं वाटलं.

दवाखान्यात रक्त देऊन रेवती बाकावर बसली. पर्समधून डबी काढली, गोळी घेतली, दोन घोट पाणी प्यायली. कुंदा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कोल्हापूरची गाडी किती वाजता असते?"

"जाऊ मी?"

"जा. स्वेटर तेवढा घे."

अहवाल चांगला आला. रविवारी निघताना रेवतीने एक पपनस तोडून ओट्यावर ठेवलं. "मला नको म्हटलंय, आई. तुला नाही."

सोमवारी आठचा गजर वाजला. कुंदाचा हात पुढे आला, रिकामा. फोन शेजारीच होता. तिने तो उचलला नाही. सुरी घेतली. जाड साल उलगडली, पांढरी गादी सुटली, आतून गुलाबी, रसभरली, पारदर्शी फोड निघाली.

कुशीवरची टाक्यांची जुनी खूण पदराखाली उबदार होती. तिकडे आत्ता रेवती गोळी घेत असेल. इकडे फोड जिभेवर फुटली; आंबट, गोड, किंचित कडू. कुंदाला रडू आलं. तिने डोळे पुसले, दुसरी फोड सोलली, आणि उन्हात बसून खात राहिली. एक फोड, मग एक फोड, सावकाश.